जॉबरनं प्रेमकादंबरी लिहावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे कारागीर. वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण बारावी. रात्रपाळीत माग सुरळीत चालू असले की मधल्या वेळात ते मोबाइलवर प्रेमकथा लिहितात. एक कादंबरी अर्ध्यावर आली आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: अशा आडमार्गानं कुणी पुरुष प्रेमकादंबरीकार झाला आहे का, बाईचं टोपणनाव घ्यावं का, आणि घरी सांगावं का.

मी लोकप्रिय कादंबऱ्यांचं संपादन करत आलो आहे, काही स्वतःही लिहिल्या. त्या वाचनालयांतून पानं सुटेपर्यंत फिरल्या आणि कुठल्याही परिसंवादात त्यांचं नाव निघालं नाही. तेव्हा हे उत्तर धंद्यातल्या माणसाचं आहे असं समजून वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. झाले आहेत, आणि जवळजवळ सगळे आडमार्गानंच आले आहेत. मोठेपणी प्रेमकादंबरीकार व्हायचं असं ठरवून त्या वाटेला लागलेला पुरुष माझ्या तरी पाहण्यात नाही. शाळामास्तर, नट, औषध कंपनीचा विक्रेता, जुन्या पुस्तकांच्या दुकानातला नोकर, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक अशी ही मंडळी. दुसरंच काही करता करता इथे येऊन पोचलेली. पण येताना रिकाम्या हातांनी आली नाहीत. जुन्या कामातली एखादी सवय बरोबर घेऊन आली आणि त्या सवयीवरच त्यांची कादंबरी उभी राहिली. तुम्ही तुमच्या कामाबद्दल एका ओळीत सांगून टाकलंय, तेही जरा ओशाळून. मला तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात कामाची वाटली. ती का, ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो.

पीटर ओडॉनेल हा लंडनचा. जन्म १९२०. सोळाव्या वर्षापासून लिहून पैसे मिळवायला लागला. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल्स विभागात होता. इराण, सीरिया, इजिप्त, इटली असा फिरला. १९४२ साली उत्तर इराणात त्यांच्या तळाजवळ एक निर्वासित पोरगी आली. असेल बारा-तेरा वर्षांची, एकटीच. गळ्यात लाकडाच्या तुकड्याला खिळा बांधून केलेलं हत्यार. सैनिकांनी तिला खायला दिलं, बरोबर डबे दिले. ती हसली आणि आपल्या वाटेनं चालती झाली. ओडॉनेलनं ही आठवण पुढे अनेकदा सांगितली, कारण त्या पोरीतूनच त्याची सगळ्यात गाजलेली नायिका जन्मली.

युद्धानंतर तो वर्तमानपत्रांसाठी चित्रपट्ट्या, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, लिहू लागला. चित्रं दुसऱ्याची, गोष्ट आणि संवाद याचे. ‘डेली मिरर’मधली ‘गार्थ’ ही पट्टी त्यानं १९५३ पासून वर्षानुवर्षं लिहिली. मे १९६३ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याची स्वतःची ‘मॉडेस्टी ब्लेझ’ सुरू झाली. ही गुन्हेगारी जगातून बाहेर पडलेली, लढणारी बाई. ती पट्टी तो २००१ पर्यंत लिहीत होता. म्हणजे नाव झालेलं, काम हाताशी, पैसा येतोय. प्रेमकादंबरीकडे वळायचं त्याला काही कारण नव्हतं.

वळवलं ते प्रकाशकानं. अर्न्स्ट हेख्त हा मोराव्हियातून पोरवयात इंग्लंडला आलेला ज्यू निर्वासित. त्यानं १९५१ मध्ये सुव्हेनिर प्रेस ही छोटी प्रकाशनसंस्था काढली होती. जुने वाडे, रहस्य, संकटात सापडलेली तरुणी आणि दोन पुरुषांपैकी कुणावर विश्वास ठेवावा हे न कळणं, अशा ‘गॉथिक’ प्रेमकादंबऱ्या त्या काळात धडाधड खपत होत्या. हेख्तनं ओडॉनेलला सांगितलं, अशी एक लिही, पण बाईच्या नावानं. आणि हा लिहायला बसला. ‘मॅडेलिन ब्रेंट’ या नावानं १९७१ ते १९८६ या काळात त्याच्या नऊ कादंबऱ्या आल्या. मॉडेस्टी ब्लेझची आद्याक्षरंच नव्या नावालाही आली आहेत, हे लक्षात आलं असेल. ब्रिटनमध्ये प्रेमकादंबरीकारांची १९६० सालापासूनची एक संघटना आहे. तिचा वर्षातल्या सर्वोत्तम प्रेमकादंबरीचा मान १९७८ मध्ये मॅडेलिन ब्रेंटला मिळाला. ही बाई म्हणजे चित्रपट्ट्या लिहिणारा एक साठीकडे झुकलेला माजी सैनिक आहे, हे वाचकांना ठाऊक नव्हतं.

आता या माणसानं काय बरोबर आणलं ते बघा. चित्रपट्टीत दिवसाला तीन-चार चौकटी मिळतात. पहिलीत काल काय झालं ते वाचकाला आठवण न दिल्यासारखं आठवून द्यायचं. मधल्या चौकटीत गोष्ट एक पाऊल सरकली पाहिजे. शेवटच्या चौकटीत उद्याचा पेपर उघडायची ओढ लागली पाहिजे. हे आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं. असा हात बसलेला माणूस कादंबरीत वीस पानं पावसाचं वर्णन करत बसत नाही. त्याच्या प्रकरणाचा शेवट सैल पडत नाही. तुम्ही मोबाइलवर भागाभागांनी लिहिता म्हणालात. तुमच्या वाचकाची सवय हीच आहे. बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, पोरं झोपल्यावर तो पाच मिनिटं वाचतो. प्रत्येक भाग कुठे थांबतो ते एकदा नुसतं तपासा. तुम्ही पाठवलेल्या चार भागांपैकी तीन नायक-नायिका झोपायला गेल्यावर संपतात. ती झोपली की वाचकही झोपतो. तिला झोप न येण्याचं कारण द्या, किंवा ती झोपायच्या आत भाग संपवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मॅडेलिन ब्रेंटच्या नायिका स्वतः गोष्ट सांगतात. प्रथमपुरुषी, म्हणजे ‘मी’ म्हणून. पुरुष लेखकाला हे सगळ्यात अवघड, आणि बहुतेक जण इथेच आपटतात. माझ्या हाताखालून गेलेल्या हस्तलिखितांत लेखक पुरुष आहे हे साधारण पहिल्या दहा पानांत कळायचं, कारण नायिका आरशासमोर उभी राहायची. आपले केस, आपले डोळे, ओल्या साडीत आपण कशा दिसतो याचं ती स्वतःच कौतुक करायची. अहो, कुठली बाई सकाळी सातला आरशात बघून असा विचार करते? ती केस विंचरता विंचरता गॅस संपत आलाय याचा विचार करत असते.

ओडॉनेलची एक नायिका चीनमधल्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली इंग्रज मुलगी आहे. काळ बॉक्सर बंडाच्या, म्हणजे १९०० च्या सुमारास परकीयांविरुद्ध झालेल्या उठावाच्या, आसपासचा. आश्रमातल्या लहान पोरांना खायला नाही म्हणून ती चोरी करते, पकडली जाते. तुरुंगात तिची गाठ मृत्युदंड झालेल्या एका इंग्रजाशी पडते आणि तिथेच दोघांचं लग्न लागतं. वाचायला जबरदस्त मजा येते. पण गंमत लग्नात नाही. ही मुलगी पानापानावर हिशेब करत असते: किती तांदूळ उरला, कोण आजारी आहे, काय विकता येईल. त्यामुळे ती प्रेमात पडते तेव्हा आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. त्याची दुसरी एक नायिका हिमालयात मुस्तांगच्या मुलखात वाढलेली, तिसरी कॉर्नवॉलच्या कोळ्याची पोर. जवळजवळ प्रत्येकीच्या अंगात काहीतरी करून दाखवायची धमक आहे आणि इंग्लंडच्या सभ्य दिवाणखान्यात त्या धमकेला काडीची किंमत नाही. प्रेमकथा त्या फटीतून आत येते. तिची किंमत ओळखणारा पुरुष कोणता आणि ओळखल्याचं सोंग करणारा कोणता, यावर सगळा खेळ. इराणातल्या त्या खिळेवाल्या पोरीचा अंश या सगळ्याजणींत आहे, असं मला वाटतं. वाचाल तर तुम्हालाही वाटेल.

इथे तुमच्याकडे वळतो. तुमच्या कादंबरीतली नायिका पुण्यात जाहिरात कंपनीत आहे आणि नायक दुबईहून आलेला उद्योगपती. तुम्ही पुण्याच्या जाहिरात कंपनीत कधी पाऊल ठेवलंय का? ठेवलं नसलं तरी बिघडत नाही, ओडॉनेल काही चीनच्या अनाथाश्रमात राहिला नव्हता. पण नायिकेचं काम वाचकाला हाताला लागल्यासारखं कळलं पाहिजे. तुमची नायिका ‘प्रेझेंटेशन’ करते, एवढंच मला कळलं.

आणि तुमच्या रोजच्या जगात काय पडलंय ते बघा. मागाच्या शेडमध्ये इतका खडखडाट असतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. लोक हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. नवा माणूस आठ-पंधरा दिवस नुसता गोंधळतो. धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बाया एकमेकींशी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी भांडणं हातांनी करतात, हे तुम्ही रोज बघता. दोन माणसं प्रेमात पडताहेत आणि त्यांना एकमेकांचा आवाज धड ऐकूच आलेला नाही! लाइट गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि तिनं त्याचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. हे दृश्य मी फुकटात देऊन टाकतोय. दुबईच्या उद्योगपतीकडे असं काही आहे का?

पिकावर (कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांवर) मजुरी मिळते, म्हणजे माग थांबला की पैसा थांबतो. म्हणजे लाइट गेल्याचा तो सुखाचा क्षणच नुकसानीचाही आहे. प्रेमकथेला असा ताण लागतो, नाहीतर दोन चांगली माणसं एकमेकांना आवडली आणि लग्न झालं, एवढीच बातमी उरते. शिवाय जॉबर म्हणून तुमच्या कानाला सवय आहे. एवढ्या गोंगाटात कुठल्या मागाचा आवाज बदलला ते तुम्ही न बघता ओळखता. तोच कान संवादांना लावा. तुमच्या कादंबरीत सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात, नायिकेची आई आणि तिचा बॉससुद्धा. शेडमध्ये हे तुम्ही एक मिनिट खपवून घेतलं नसतं.

आपल्याकडची परंपरा या बाबतीत जरा वेगळी आहे, आणि तुमच्या घरापासून पाऊण तासावरची आहे. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचे. तर्कशास्त्राचा, मानसशास्त्राचा माणूस. १९२७ मध्ये त्यांनी संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याला अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्याच फडक्यांनी मराठी तरुणांच्या दोन-तीन पिढ्यांना प्रेम कसं करायचं असतं ते कादंबऱ्यांतून दाखवलं. त्यांची १९१७ची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ मारी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली होती. त्यावरून लोकांनी त्यांना बरंच टोचलं. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. मराठीतला सगळ्यात यशस्वी प्रेमकादंबरीकार एका बाईच्या लोकप्रिय कादंबरीचं यंत्र उलगडून बघत बघत शिकला. आणि १९३१ साली ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यानं ते यंत्र कसं चालतं हे सांगितलंसुद्धा: कथानकाची गुंफण कशी, उत्कंठा कशी ताणायची, सुरुवात कुठून. समीक्षकांनी फडक्यांच्या तंत्रवादाला पुष्कळ नावं ठेवली, बरीचशी योग्यच. तरी तुमच्यासारख्यानं ते पुस्तक वाचावं. लिहिणं हे कसब आहे असं मानणारी माणसं मराठीत फार नाहीत. तुम्ही तर कसबी माणूस.

दुसरे चंद्रकांत काकोडकर. एके काळी गल्लीतल्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकाला कायम नंबर लागलेला असायचा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. समाजाचे मापदंड बदलत आहेत, असं न्यायालयानं त्या निकालात नोंदवलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी दिल्लीपर्यंत जाणारा माणूस आपल्या लेखनाला हलकं समजत नव्हता, एवढं तुम्ही ध्यानात घ्या. तुमच्या पत्रात ‘असलं काहीतरी’ हा शब्दप्रयोग चार वेळा आला आहे. तो आधी काढून टाका.

यातून टोपणनावाचा प्रश्न आपोआप येतो.

फडके, काकोडकर यांपैकी कुणाला बाईचं नाव घ्यावं लागलं नाही. वाचणाऱ्या बायकाही होत्या, पण मुखपृष्ठावर पुरुषाचं नाव बघून कुणी पुस्तक खाली ठेवलं नाही. इंग्लंड-अमेरिकेत उलट झालं. तिथे हा धंदा बायकांनी बायकांसाठी चालवलेला धंदा झाला होता आणि पुरुषाचं नाव दिसलं तर गिऱ्हाईक पुढे जाईल अशी प्रकाशकांची खात्री. टॉम हफ हा टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा शाळामास्तर. तीन-चार बायकी नावांनी लिहून झाल्यावर १९७६ मध्ये ‘जेनिफर वाइल्ड’ या नावानं त्यानं जी कादंबरी दिली ती तुफान खपली. ह्यू रे हा ग्लासगोत जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम केलेला, गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणारा. एका लेखिकेबरोबर त्यानं ‘जेसिका स्टर्लिंग’ हे नाव सुरू केलं. थोड्याच पुस्तकांनंतर ती बाजूला झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं ‘जेसिका’ म्हणजे एकटा ह्यूच होता. ग्लासगोचाच इयन ब्लेअर हा नट. सहा फुटांवर उंच, धिप्पाड. ‘एमा ब्लेअर’ नावाच्या त्याच्या कादंबऱ्या ब्रिटनच्या वाचनालयांत सतत मागणीत असायच्या. १९९८ मध्ये मॅडेलिन ब्रेंटला मिळालेल्या त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचं पुस्तक आलं आणि मग खरं काय ते बाहेर पडलं. वाचकांनी पुस्तकं जाळली वगैरे काही नाही. लोक हसले आणि पुढचं पुस्तक मागायला लागले.

मग तुम्ही काय करावं? माझं मत असं की मराठीत बाईचं नाव घेण्याची गरज नाही, आणि मोबाइलवरच्या मालिकांच्या जगात तर त्याचा तोटाच आहे. तिथे वाचक भागाखाली थेट तुमच्याशी बोलतात. एखादी बाई ‘ताई, माझ्याही नवऱ्याचं असंच आहे’ म्हणून मनातलं लिहून मोकळी होते. तिनं ते ताईला सांगितलेलं असतं. तिथे ताई बनून उत्तर देणं मला तरी पटत नाही. मॅडेलिन ब्रेंटच्या वाचकांचा लेखिकेशी असा रोजचा संबंध नव्हता, म्हणून ते खपून गेलं. नाव लपवायचंच असेल तर नुसतं आडनाव बदला, किंवा आद्याक्षरं वापरा. खोटा फोटो आणि खोटं आयुष्य मात्र लावू नका.

टोपणनाव घेतलंच तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रकाशकाशी किंवा ॲपशी करार खऱ्या नावानं करा आणि त्यात टोपणनावाचा स्पष्ट उल्लेख घाला, म्हणजे मानधन कुणाचं यावरून पुढे वाद होणार नाही. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम २३ पाहून ठेवा. टोपणनावानं छापलेल्या पुस्तकावरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं राहतो. पण त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे कधीतरी ओळख नोंदवून ठेवणं तुमच्या पोरांच्या फायद्याचं आहे. आज हे हास्यास्पद वाटेल. करार करताना हास्यास्पद वाटणाऱ्या गोष्टीच वाचायच्या असतात.

मजकुराबद्दल आणखी थोडं बोलतो, कारण अर्धी कादंबरी वाचल्यावर गप्प बसवत नाही. तुमचा नायक नायिकेच्या ऑफिसबाहेर रोज उभा राहतो, तिच्या मैत्रिणीकडून नंबर काढतो, नको म्हटल्यावर हात कापून घेतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे संपादकाच्या टेबलावरून पुढे गेलं असतं. आज वाचणारी बाई याला प्रेम म्हणत नाही, ती पोलिसांचा नंबर शोधते. आणि तिचं बरोबर आहे. नायकाला तिच्यासाठी काहीतरी सोडायला लावा, मिळवायला नको. तुमच्याच पानांत एक बारकी जागा आहे: तो तिचा डबा परत देताना धुऊन देतो. ते एक वाक्य त्या सगळ्या हात कापण्यापेक्षा भारी आहे, आणि तुम्ही ते लिहून पुढे पळालात. थांबा तिथे. तिनं डबा उघडला, तो धुतलेला निघाला, तिच्या घरात आजवर कुठल्या पुरुषानं डबा धुतला नव्हता. एक अख्खा भाग होईल.

शेवट आधी ठरवा. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्याच करून टाकली आहे: मध्यवर्ती गोष्ट प्रेमाची हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. निकोलस स्पार्क्सची गोष्ट या निमित्तानं सांगण्यासारखी आहे. कॉलेजात धावपटू, मग औषधांचा विक्रेता. १९९४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं ‘द नोटबुक’ लिहिली. बायकोच्या आजी-आजोबांच्या दीर्घ संसारावरून ती सुचली. एका नवख्या एजंटबाईच्या हाती ते बाड लागलं आणि १९९५ मध्ये वॉर्नर बुक्सनं दहा लाख डॉलर मोजून ते घेतलं. सगळं जग त्याला प्रेमकादंबरीकार म्हणतं, तो स्वतः ते लेबल मान्य करत नाही, कारण त्याच्या गोष्टींत माणसं मरतात आणि शेवट अनेकदा रडवतो. दोन्ही वाटा चालतात. पण वाचकाला पहिल्या भागापासून कळलं पाहिजे की तो कुठल्या गाडीत बसलाय. तुम्ही हसतखेळत चाललेल्या गोष्टीत नायिकेला अचानक कॅन्सर दिलात, तर लोक भागाखाली काय लिहितील ते मी इथे लिहू शकत नाही.

स्वतःच्या आयुष्यातलं प्रेम लिहावं का, असंही तुम्ही मधेच विचारलंय. रविंदर सिंग या सॉफ्टवेअर अभियंत्यानं २००८ मध्ये तेच केलं. ज्या मुलीशी लग्न ठरत होतं ती वारली, त्यानं ते इंग्रजीत लिहिलं आणि देशभर तरुणांनी वाचलं. दुःख खरं होतं, ते पोचलं. पण तसं पुस्तक एकदाच लिहिता येतं. दुसऱ्या पुस्तकाला कसब लागतं, आणि ते तुम्ही आत्ताच शिकलात तर स्वतःची गोष्ट लिहायची वेळ येईल तेव्हा ती नीट लिहाल. तोवर ती राहू द्या.

पैशाचं एका ओळीत: नोकरी सोडू नका. वर उल्लेख केलेल्यांपैकी बहुतेकांनी लिखाण जमेपर्यंत हातातलं काम धरून ठेवलं होतं.

राहिला घरी सांगण्याचा प्रश्न. लिहिलंय असं की बायको रोज रात्री मोबाइलवर मालिका वाचते, प्रेमकथाच वाचते, आणि तुम्ही शेजारी बसून लपवून तेच लिहिता. हॅरॉल्ड लोरी नावाचा अमेरिकन गृहस्थ शाळेत संगीत शिकवायचा. बायको प्रेमकादंबऱ्या वाचायची. त्या एवढ्या काय असतात म्हणून यानं हातात घेतल्या आणि सुटेनात. पुढे ‘ली ग्रीनवुड’ या नावानं त्यानं काउबॉयच्या प्रेमकथांच्या मालिकाच्या मालिका लिहिल्या आणि मघाशी सांगितलेल्या त्या अमेरिकन संघटनेचा अध्यक्षही झाला. त्याच्या घरात जी शाळा भरली ती तुमच्याही घरात रोज रात्री भरते आहे. फक्त तुम्ही वर्गाबाहेर उभे आहात.

सांगा तिला. पण आधी लिखाण दाखवू नका. ती काय वाचतेय ते विचारा, कुठला भाग तिनं दोनदा वाचला आणि कुठला ढकलला ते विचारा, आणि मधे बोलू नका. मग तुमचे चार भाग कुणा दुसऱ्याचे म्हणून वाचायला द्या. कुठे तिचा अंगठा भरभर सरकतो ते बघत बसा, तेवढ्या जागा खोडा. तुमचे आहेत हे तिला दुसऱ्याच दिवशी कळेल, बायकांना कळतंच. मग डब्याचा तो प्रसंग कुठून आला असं ती विचारेल. त्याचं उत्तर मात्र तुमचं तुम्हीच तयार ठेवा. पुढचे भाग झाले की पाठवा. दुबईचा उद्योगपती काढून टाकला असेल तर आधी वाचेन.